कुठं चालल्या?

२० मार्च

मोनालीस,

आशीर्वाद लिहिते आहे. घ्यायचा तर घे, नाही तर कागदावरच राहू दे.

तू आमच्या घरातले सगळे नंबर बंद केलेस. भारतचा, तुझ्या नवऱ्याचा, केलास ते समजू शकते. तुझ्या मामंजींचा केलास, तेही एक वेळ ठीक. पण माझा कशाला गं? माझ्या फोनवरून तुला आजवर "येताना कोथिंबीर आण" याच्यापलीकडे काही आलंय का? म्हणून हा कागद. सातवीपर्यंत शिकले आहे, अक्षर अजून वाचता येण्यासारखं आहे. आणि कागदाला बंद करायचं बटण नसतं, फार तर तो फाडता येतो.

विनवणी करायला लिहीत नाही, हे आधीच सांगते. मी रागात आहे. मामंजींवर आहे, भारतवर आहे, आणि तुझ्यावरही आहे. तू माहेरी काय सांगितलं असशील कोण जाणे. म्हणून मला जे दिसलं ते लिहिते. तुझ्या आईलाही वाचून दाखव.

दिवाळीनंतर शाळेत तपासणीचं शिबिर झालं आणि गावातल्या निम्म्या बायकांना बीपी नाही तर शुगर निघाली. मलाही निघाली. डॉक्टर म्हणाले, रोज चाला. आम्ही मान हलवली आणि घरी येऊन भाकरी टाकल्या. तू मात्र बी.पी.एड. झालेली, खो-खो खेळलेली, तुला गप्प बसवेना. घरोघर जाऊन विचारलंस, का चालत नाही? अन् संक्रांतीपासून पहाटे आम्हाला रस्त्यावर काढलंस. मी निघताना सवयीनं तांब्या उचलायची. तू तो हातातून काढून घ्यायचीस. "आत्याबाई, हात मोकळे सोडा. हात हलले पायजेत." मला ते कवायतीसारखं वाटायचं, पण करायचे. खोटं कशाला बोलू, बरं वाटायचं.

मग आठ मार्च. शाळेच्या पटांगणात महिला दिनाचा कार्यक्रम, आणि मामंजी ग्रामपंचायतीचे सदस्य म्हणून माइकपुढे. त्या माणसाला तुझं कौतुकच करायचं होतं गं. छाती फुगवून म्हणाले, "आमच्या सूनबाईनं गावातल्या बायका फिरवल्या!" मागं उभी असलेली गडीमाणसं हसली. ह्यांना वाटलं, लोकांना आवडलं. म्हणून पुन्हा म्हणाले, "साऱ्या गावाच्या बायका फिरत्या केल्या!" तेव्हा मी डोक्यावरचा पदर तोंडावर ओढून घेतला. तू सरळ बघत बसली होतीस.

कोणीतरी ते मोबाइलमध्ये धरलं. दुसऱ्या दिवशी शहागडला पोचलं. भारतच्या टायरच्या दुकानात ट्रकवाले हवा भरायला थांबले आणि म्हणाले, "भारतशेठ, वहिनी बायका फिरवती म्हणं?" त्याच्यापुढं त्यांनी जे विचारलं ते मी लिहीत नाही. भारतनं ते ऐकलं, आणि ऐकून तो ट्रकवाल्याला काही बोलला नाही. घरी येऊन तुला बोलला. "उद्यापासून उंबऱ्याच्या बाहेर पाय टाकायचा न्हाई."

आणि तू काय म्हणालीस ते सगळ्या आळीनं ऐकलं. "ज्या दिवशी ह्या गावची बाई रिकाम्या हातानं पारावरून चालत जाईल, अन् तिला कुणी 'कुठं' म्हणून विचारणार न्हाई, त्या दिवशी मी माघारी येईन." बॅग उचललीस आणि निघालीस. मोनाली, अशी अट घालतात का कुणी? 'कुठं' हा आपल्याकडचा रामराम आहे. गाव आहे तोवर लोक विचारणारच. मग तू येणारच नाहीस असं समजायचं का?

तुझी खोली झाडून ठेवते. तुझी भांडी, आंदणातला डबा, सगळं फळीवर जसंच्या तसं आहे. कोणी हात लावलेला नाही.

तुझी आत्याबाई,
दैवशाला

५ एप्रिल

मोनालीस,

तुझं उत्तर नाही. पत्र पोचलं एवढं रूपालीकडून कळलं. तिचा नंबर तू चालू ठेवलास म्हणे. ठेव. शेजारची सून जवळची, सासू लांबची.

तू गेलीस आणि चालणं बंद पडलं. मी एकेकीच्या दारात गेले, तू जात होतीस तशी. तुला उत्तरं देताना त्या सांभाळून बोलत असतील. माझ्यापुढं मोकळ्या झाल्या. साळूबाई म्हणाली, "दिवसभर राबूनच राह्यलो की आपण. अजून कामून चालायचं?" मी म्हटलं, राबण्यानं बीपी उतरली असती तर तुझी केव्हाच उतरायला पाहिजे होती. ती म्हणाली, "ते बराबर हाय. पण राबायला गेलं तं कुणी हसत न्हाई." रूपाली म्हणाली, "मामी, पाय दुखत न्हाईत माझे. पण सासू विचारती कुठं, सासरा विचारतो कुठं. काय सांगू? चालायला चालले म्हणू?"

विहारापलीकडच्या मालनबाईकडेही गेले. अंगणवाडीतून सुटल्यापासून ती घरीच असते. चहा केला तिनं. म्हणाली, "आमच्या बायका तं जन्मभर चालल्या, दैवशालाबाई. पण खुरपं घेऊन. खुरपं हातात नसलं की लोक विचारतात, आज कामाला न्हाई गेली का? मंग मी काय सांगू, तब्येतीला चालले?" आणि हसली. मला हसू आलं नाही. घरी येईपर्यंत तेच डोक्यात. बायकांचे पाय नाही म्हणत नाहीत. त्यांच्याकडे उत्तर नाही म्हणून त्या घरात बसतात.

तुला वाटेल सासू शहाणी झाली. थांब, पुढचं वाच आणि हस.

चार दिवसांपूर्वी सकाळी मी एकटीच निघाले. रिकाम्या हातानं. म्हटलं, हिची अट आहे ना, बघू तरी किती अवघड आहे. घरापासून गिरणीपर्यंत एकच रस्ता आणि मधे पार. हात कुठे ठेवावेत तेच कळेना. एक पदराला, एक कमरेला. पारावर सर्जेरावभाऊजी आणि आणखी चारपाच जण बसलेले. भाऊजींनी विचारलंच. चुलत दीर आहेत, हक्कानं विचारणार.

"वहिनी, कुठं चालल्या?"

काय सांगायचं ते मी रात्रीपासून ठरवलं होतं. आणि तोंडातून निघालं, "गिरणीला."

"अन् दळण?"

"पुढं गेलंय."

आता गिरणीला जाणं आलं. गेले. हरिओम नुकती गिरणी उघडत होता. "काकू, डबा कुठंय?" मी म्हटलं, "लाइट हाय का बघायला आल्ते." तो माझ्या तोंडाकडे बघतच राहिला. त्याच्या गिरणीला कधी कोणी लाइट बघायला आलं नसेल.

पण येताना सुचलं. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन निघाले. रिकामा. झाकण घट्ट लावून, कडीत हात घालून. पारावरून गेले, भाऊजींनी डब्याकडे पाहिलं आणि विचारलंसुद्धा नाही. मोनाली, विचारलंसुद्धा नाही! डब्यानंच उत्तर दिलं. गिरणीला वळसा घातला, परत आले. तिसऱ्या दिवशी साळूबाई डबा घेऊन आली. काल रूपाली. आज मालनबाई तिच्या वस्तीतल्या दोघींना घेऊन आली, तिघींच्या हातात डबे. हरिओमनं ओळखलंय. बघतो आणि तोंड फिरवून हसतो, पण कुणाला बोलत नाही.

सर्जेरावभाऊजी काल संध्याकाळी घरी आले होते. भारतजवळ ओसरीवर बसले, हळू आवाजात बोलले. मी चहा घेऊन गेले की गप्प. काय चाललं होतं ते लिहीत नाही. लग्नसराईचे दिवस आहेत, लोक येतात, बसतात.

दैवशाला

२४ एप्रिल

मोनालीस,

रूपालीच्या फोनवर तुझा निरोप आला. "आत्याबाईंना म्हणा, डबा घेऊन चालणं म्हणजे चोरून चालणं."

दोन लांबलचक पत्रांना एवढं एक वाक्य! तेही टोचणारं. मी तो फोन रूपालीच्या हातात परत दिला आणि घरी आले. चोरून तर चोरून. तू खो-खोच्या मैदानावर वाढलीस, टाळ्यांमध्ये पळालीस. आम्ही इथे पारासमोर वाढलो. तुला जे उघड करता येतं ते आम्हाला झाकून करावं लागतं, म्हणून ते करूच नये का? साळूबाईला आता झोप लागते. रात्री उठून ओट्यावर बसायची ती. हे चोरून झालं म्हणून खोटं झालं का? सांग मला.

राग लिहून झाला. आता दुसरं सांगते, तुला आवडेल. गिरणीच्या पुढं आम्ही कालव्याच्या रस्त्याला जातो. तिथे एक जुनी बाभूळ आहे. तिच्या बुडाशी डबे ठेवतो, आणि मग कालव्याच्या कडेनं हात मोकळे सोडून चालतो. तू शिकवलंस तसं, हात हलवत. पहिल्या दिवशी सगळ्या लाजल्या. मग मालनबाई पुढे झाली आणि म्हणाली, "चला गं, इथं माशा सोडून कुणी बघत न्हाई." साळूबाई इतकी हसली की तिला उभं राहून कमरेवर हात ठेवावा लागला. त्या माळावर आम्ही पोरींसारख्या बोलतो. येताना डबे उचलतो आणि पुन्हा बायका होतो.

घरी मात्र वेगळंच. मामंजी परवा म्हणाले, "रोज दळण? पीठ जातंय कुठं एवढं?" मी म्हटलं, तुमच्याच पोटात. महिला दिनापासून माइक म्हटलं की उठून जातात. एकदा मला म्हणाले, "मंग मी काय म्हणायला पायजे होतं? फिरवल्या न्हाई तं काय?" मला तेव्हा सुचलं नाही.

आता ते लिहिते जे मागच्या पत्रात दाबलं. दाबून जमणार नाही, दिवस थोडे राहिलेत. भाऊजी फारकतीचं बोलायला आले होते. त्यांच्या सासरकडची एक मुलगी आहे म्हणे, घनसावंगीची. ऊस आहे, विहीर आहे. "पोरगं अजून तरणं हाय, गावात हसं झालंय, मोकळं करून टाका," असं त्यांचं म्हणणं. रविवारी, अकरा मेला, अंबडला वकिलाच्या घरी दोन्हीकडच्या माणसांची बैठक ठरली आहे. तुझ्या वडिलांना निरोप गेलाय. त्यांनी तुला सांगितलं का? की तुला माझ्याच पत्रातून कळतंय? तसं असेल तर बसून वाच.

भारतचं विचारशील. तो हो म्हणत नाही आणि नाहीही म्हणत नाही. जेवतो आणि दुकानावर जातो, पुष्कळदा तिकडेच झोपतो. मी विचारलं, "तुला पायजे का फारकत?" तर म्हणाला, "आई, मला लोकांत तोंड दाखवाया जागा राह्यली न्हाई." मी म्हटलं, मी हे विचारलं नव्हतं. तो उठून गेला. माझं पोरगं वाईट नाही, मोनाली. पण त्याला लोक हसतात ते सहन होत नाही, आणि लोकांना ते माहीत आहे. म्हणून मला भीती वाटते. वाईट माणसाची एवढी वाटली नसती.

तू सही करणार आहेस का? बाकी काही लिहू नकोस, एवढं कळव.

दैवशाला

७ मे

मोनाली,

तुझं काहीच आलं नाही. तरी लिहिते, कारण आज जे झालं ते तुला दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये. अक्षर वाकडं आलं तर समजून घे.

सकाळी आम्ही सहा जणी होतो. कालव्यावरून परत आलो तर बाभळीखाली डबे नाहीत. एकही नाही. आधी वाटलं, भंगारवाल्यानं नेले. साळूबाई खालीच बसली. रूपाली रडकुंडीला आली, "आता घरी काय सांगू?" तेवढ्यात हरिओम गिरणीतून धावत आला. मान खाली घालून म्हणाला, "काकू, डबे पारावर हायेत. सर्जेरावकाकानं नेऊन मांडलेत. माझ्यानं अडवलं गेलं न्हाई."

तुला आपल्याकडची रीत माहीत आहे. भांडं घेतलं की त्याच्यावर नाव घालायचं. कुणी दिलं, कुणाला दिलं, कशापायी दिलं. सहाही डब्यांवर नावं होती. आमच्या हातून उत्तर काढून घेतलं होतं आणि वर आमची नावं चव्हाट्यावर मांडली होती.

दुसरा रस्ता नाही. निघालो. लांबूनच आवाज येत होता. भाऊजी एकेक डबा हातात घेऊन वाचत होते आणि बाकीचे हसत होते. आणि मोनाली, तिथे भारत उभा होता. त्याला शहागडवरून फोन करून बोलावून घेतलं होतं, त्याच्या आईचा पराक्रम बघायला.

आम्ही पोचलो तेव्हा भाऊजींच्या हातात साळूबाईचा डबा होता. "कैलासवासी पुंजाराम यांच्या स्मरणार्थ," असं मोठ्यानं वाचलं. साळूबाईनं नवऱ्याच्या वर्षश्राद्धाला ते डबे वाटले होते, त्यातला एक स्वतःला ठेवलेला. कोणीतरी हसलं. साळूबाई, जिचा आवाज कधी ओट्याखाली उतरला नाही, ती पारावर चढली आणि डबा हिसकून घेतला. "मेलेल्या माणसाचं नाव घिऊन दात काढता व्हय रे? त्यो जित्ता असता तं तुमची हिंमत झाली असती?" आणि डबा पोटाशी धरून घरी गेली. रडत गेली. पारावर हसणं थांबलं, पण कोणी उठलं नाही. रूपालीचा सासरा तिथेच बसलेला. तिनं खाली मान घालून आपला डबा उचलला आणि तीही गेली. मी तिला नाव ठेवत नाही.

मग भाऊजींनी पुढचा डबा उचलला. इथे मला एक कबूल करायचं आहे. तुझी भांडी फळीवर जशीच्या तशी आहेत असं मी लिहिलं होतं. ते खोटं होतं. मी रोज नेत होते तो डबा तुझा होता. आंदणातला, कडीचा. माझा पितळी डबा जड आहे, हात अवघडतो, म्हणून तुझा घेतला, असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे तुझा हात धरून चालल्यासारखं वाटायचं. एवढंच.

भाऊजींनी वाचलं, "चि. सौ. कां. मोनाली हिस आईवडिलांकडून." आणि भारतकडे बघून म्हणाले, "घे. बायको गेली तरी डबा फिरूनच राह्यलाय."

भारतचं तोंड मी पाहिलं. तो मोबाइलमध्ये बघत होता, पण मोबाइल बंद होता.

मी थांबले नाही. पारासमोरून चालू लागले. भाऊजी म्हणाले, "वहिनी, डबा तं घ्या."

"राहू द्या."

"कुठं गेल्त्या एवढ्या सकाळी?"

मला गिरणी आठवली, शेत आठवलं, दवाखाना आठवला, साळूबाईच्या सुनेचं बाळंतपण आठवलं. सगळी उत्तरं जिभेवर येऊन उभी राहिली. आणि मी म्हटलं, "कुठंच न्हाई."

"अन् आता कुठं चालल्या?"

"आताबी कुठंच न्हाई. नुसती चालून राह्यले."

कोणी हसलं नाही. हसावं की नाही ते त्यांना कळलं नसेल. मी घराच्या दारापर्यंत गेले. आत शिरले असते तर "घरी चालले होते" असं उत्तर झालं असतं. म्हणून दारातून वळले आणि पुन्हा पारासमोरून गेले, गिरणीपर्यंत. हात हलवत. मालनबाई माझ्या शेजारी येऊन चालायला लागली, तिच्या दोघी मागे. त्यांचे डबे पारावरच राहू दिले त्यांनी. पुन्हा वळलो, पुन्हा पारासमोरून. तिसऱ्या वेळी भाऊजी तंबाखू मळत होते आणि त्यांनी वर बघितलं नाही.

मोनाली, मी फार घाबरले होते. आताही घाबरलेली आहे. मामंजी अजून घरी आले नाहीत, भारत दुकानावर गेला असेल. आज दोघांपैकी कोण काय बोलेल माहीत नाही. रविवारच्या बैठकीत हे सगळं आपल्याविरुद्ध जाईल. भाऊजी म्हणतील, सासूही तसलीच निघाली. म्हणू दे. पण तुझ्या वाटेत मीच दगड टाकला असेन तर मला ते सांग, तोंडावर सांग.

दैवशाला

८ मे

मोनालीस,

कालचं पत्र अजून माझ्याकडेच आहे. दोन्ही सोबत पाठवते. पोस्टानं रविवारच्या आत पोचायचं नाही. रूपालीचा भाऊ तुमच्या बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रात कामाला जातो, तो उद्या तुझ्या हातात देईल. हो, रूपालीनंच त्याला सांगितलं. तिला नाव ठेवलं नाही ते बरं केलं.

काल दिवे लागायच्या वेळी भारत आला. मी भाकरी थापत होते. वर बघितलं नाही, म्हटलं जे बोलायचं ते बोलू दे. तो चुलीमागच्या फळीकडे गेला आणि काहीतरी ठेवलं. तो गेल्यावर पाहिलं. तुझा डबा. पुसलेला होता. नाव बाहेरच्या बाजूला करून ठेवला होता.

मालनबाईचा आणि तिच्यासोबतच्या दोघींचे डबेही त्यानं घरोघर नेऊन दिले, हे मला आज मालनबाईकडून कळलं. विहारापलीकडे तो आजवर मत मागायलासुद्धा गेलेला नाही. तिनं विचारलं, चहा घेतो का? तो म्हणाला, "पुन्हा येईन, मावशी." येईल की नाही माहीत नाही, पण म्हणाला.

तिघेही एकत्र जेवायला बसलो. हात धुऊन तो दारात उभा राहिला आणि म्हणाला, "आई, उद्या कु..." आणि थांबला. 'कुठं' त्याच्या तोंडात आला होता गं. मी कानांनी ऐकला. त्यानं तो गिळला. मग म्हणाला, "उद्या जाणार हाय का?"

मी म्हटलं, "जाणार."

"ऊन लवकर चढतंय. जल्दी निघत जा."

बस्स. एवढंच बोलला. सहीचं काही बोलला नाही आणि मीही विचारलं नाही. मी तुला खोटी आशा लावणार नाही. डब्याचं एकदा खोटं लिहिलं तेवढं पुरे. अंबडला तो काय करेल हे मला त्याची आई असून माहीत नाही.

मामंजी मात्र बैठकीला येणार म्हणून हट्ट धरून बसलेत. आरशासमोर उभे राहून वाक्य घोकतात. मला विचारलं, आता तरी सांग, 'फिरवल्या' नाही तर काय म्हणू? आता मला सुचलं होतं. मी म्हटलं, "म्हणा, बायका चालल्या. कुणी चालवल्या न्हाई, कुणी फिरवल्या न्हाई. त्या चालल्या." त्यांनी चारदा म्हणून पाहिलं. चौथ्यांदा बरोबर आलं.

आज सकाळी आम्ही चौघीच होतो. साळूबाई आली नाही, रूपालीला सोडलं नाही. चौघींचे हात रिकामे होते. पारावर भाऊजी नव्हते. दुसऱ्या एकानं विचारलं, "कुठं चालल्या, काकू?" म्हणजे तुझी अट काही पुरी झाली नाही, मोनाली. हे मला तुझ्यापासून लपवायचं नाही. लोकांनी विचारणं सोडलं नाही, सोडतील असंही वाटत नाही. मी फक्त सांगणं सोडलं आहे. तेवढ्यावर यायचं की नाही ते तू ठरव. नाही आलीस तरी मी चालणार आहे. ते आता तुझ्यासाठी राहिलेलं नाही, माझंच झालं आहे.

रविवारी मी अंबडला येते. शहागडहून बसनं येईन, गुडघे काही तिथवर चालण्याइतके चांगले नाहीत. पण स्टँडपासून वकिलाच्या घरापर्यंत चालत येईन, भर बाजारातून, हातात पिशवीसुद्धा न घेता. अंबडला आपली पुष्कळ ओळखीची माणसं आहेत. कोणीतरी थांबवेलच आणि विचारेल, दैवशालाबाई, कुठं चालल्या?

त्या दिवसापुरतं माझ्याकडे उत्तर आहे. सुनेला आणायला.

तुझी आत्याबाई